वांग्याची तीन पाकिटे

आमच्या चार जणांच्या गटात खाण्याची निवड माझ्याकडे होती. बावीस वर्षे मी वृत्तपत्राच्या डेस्कवर बातम्या कापण्याचे काम केले. पाठीवरच्या पिशवीतले वजन कापणे त्याच हाताला जमेल, असे इतरांनी ठरवून टाकले.

दर सप्टेंबरमध्ये आम्ही हिमालयात सात दिवस चालतो. खेचर घेत नाही, हमाल घेत नाही. सात दिवसांचे जेवण स्वतः वाहायचे. साधा तांदूळ, डाळ, तेल आणि मसाला नेला, तर गॅसचा डबाही जास्त लागतो, कारण उंचीवर पाणी लवकर उकळते आणि डाळ शिजत नाही. म्हणून फ्रीझ-ड्राय केलेले जेवण. शिजवलेले अन्न आधी गोठवतात, मग यंत्रात हवा काढून घेऊन त्यातला बर्फ पाणी न होऊ देता थेट वाफेच्या रूपाने खेचून घेतात. अन्नाचा आकार जसाच्या तसा राहतो, वजन तेवढे जाते. गाजराचा तुकडा गाजरासारखाच दिसतो, पण तळहातावर ठेवला तर ठेवल्याचे कळत नाही. उकळते पाणी ओतून पाकिटाचे तोंड बंद केले की दहा मिनिटांत ते पुन्हा अन्न होते. त्या दहा मिनिटांत पाकिटातून बारीक चुरचुर ऐकू येते. स्वयंपाकघरात दुसरा आवाज नसेल, तर वाळक्या पाल्यावरून कोणी सावकाश चालत असल्यासारखी.

निवडीची माझी पद्धत ठरलेली होती. बाजारातली सात-आठ प्रकारची पाकिटे मागवायची. प्रत्येकाचे वजन करायचे, ते छापलेल्या आकड्याशी ताडून बघायचे. शंभर ग्रॅममागे किती उष्मांक, हे बघायचे. पाकिटाचा तळ पसरट आहे का, थंड हातांनी ते फाडता येते का, रिकामे पाकीट घडी करून परत आणता येते का, हेही. मग गोंदियाला माझ्या घरी एका रविवारी चौघांनी खाऊन बघायचे. नावे झाकलेली.

अशा रविवारी शेरे कडक असत. गोंदियात औषधाचे दुकान असलेला आमचा एक साथी पहिल्या घासालाच म्हणे, "भाई, ये चावल है कि थर्मोकोल?" निवृत्त शिक्षक असलेला दुसरा सगळे मुकाट्याने संपवी आणि शेवटी एकच शब्द बोले, "नापास." चौथा माझा जुना मित्र. आमगावला त्याचे पाण्याच्या मोटारी आणि पाइपचे दुकान आहे. तो भाताचा एकेक लांब दाणा बोटाने बाजूला करत विचारी, "काऊन पत्रकार, हा भात होय का भाताचं भूत? चव नाई, वास नाई, नुसता आकार."

त्याचा आक्षेप खरा होता. बाजारातल्या पाकिटांत लांब दाण्याचा, कोरडा तांदूळ असतो. धानाच्या प्रदेशात वाढलेल्या माणसाला तो भात वाटत नाही.

हा प्रश्न त्याच्या बायकोने सोडवला. ती गोंदियाजवळच्या एका लहान कारखान्यात देखरेखीचे काम करत होती. तिथे सीताफळाचा आणि जांभळाचा गर फ्रीझ-ड्राय होत असे. हंगाम संपला की मालकाच्या परवानगीने ती यंत्रातला एक रिकामा ट्रे वापरी. घरून शिजवून आणलेला चिन्नोर या सुवासिक तांदळाचा भात, तुरीचे वरण, पाटोडी, वांगी ती त्यावर पसरी. चांदीच्या रंगाच्या पाकिटात भरून, ओलावा शोषणारी लहान पुडी टाकून, तापत्या पट्टीने तोंड बंद करी. वर काळ्या मार्करने पदार्थ, तारीख आणि पाकिटासकट वजन लिही. मी तिची पाकिटे पुन्हा तोलून बघत असे. तीन वर्षांत एका ग्रॅमचाही फरक सापडला नाही. माझ्याबरोबर काम केलेल्या कोणाबद्दलही मी असे म्हणू शकत नाही.

वांगी ती देठासकट करायची. लहान, काटेरी, चार चिरा देऊन मसाला भरलेली. देठ ठेवायचा हा तिच्या नवऱ्याचा हट्ट. आमच्याकडे पुष्कळ लोक वांग्याचा देठ चोखून खातात, तो त्यांतला कट्टर. एकदा तिने देठ काढून वांगी केली, तेव्हा तो ताटावर बसून म्हणाला होता, "हे काय होय? टोपी काढलेला पोलीस." तेव्हापासून देठ राहिले.

गेल्या वर्षी धानाच्या रोवणीच्या दिवसांत ती गेली. पहाटे डोके दुखते म्हणाली. गोंदियाला नेईपर्यंत संपले होते. सप्टेंबरच्या चालीसाठी तिने अकरा पाकिटे आधीच करून ठेवली होती. चाल रद्द झाली.

दहाव्याच्या आदल्या संध्याकाळी मी त्यांच्या घरी होतो. रीत अशी आहे की गेलेले माणूस जिथे झोपत असे, तिथे ताटात तांदळाचे पीठ पातळ पसरतात, शेजारी दिवा ठेवतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून पिठात काय उमटले ते बघतात. पाखराचा पाय, मुंगीची वाट, सापाची रेघ. त्यावरून गेलेला जीव कुठे गेला ते सांगतात. सकाळी टोपली उचलली तेव्हा पीठ रात्री पसरले होते तसेच होते. एकही खूण नव्हती. नात्यातली एक वयस्कर बाई वाकून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "कायीच नाई. म्हंजे गेलीच नाई कुठं." तिने ते समजूत घालण्यासाठी म्हटले असावे. माझ्या मित्राने ते माहिती म्हणून घेतले.

या वर्षी जूनच्या सुरुवातीला निवडीचा रविवार ठरला. मित्र अकरा पाकिटे कापडी पिशवीतून घेऊन आला. तो म्हणाला, "बाजारातलं मागवू नको. हेच नेऊ."

वर्ष झालेले अन्न मी तपासल्याशिवाय यादीत घेणार नव्हतो. नीट बंद असेल तर असे पाकीट कित्येक वर्षे टिकते. पण फ्रीझ-ड्राय केलेले अन्न हवेतला ओलावा विलक्षण वेगाने ओढते, आणि ओलावा शिरलेले पाकीट वरून अगदी चांगले दिसते. ते ओळखण्याची खूण एकच. वजन वाढते.

आठ पाकिटे तिने लिहिलेल्या आकड्याला बरोबर उतरली. तीन उतरली नाहीत. तिन्ही वांग्याची. एकशे अठराचे एकशे बावीस, एकशे एकवीसचे एकशे चोवीस, एकशे बाराचे एकशे सोळा.

मी आकडे मोठ्याने वाचले, कारण तशी सवय होती. नंतर वाटले की ते मनात वाचायला हवे होते. मित्राने विचारले, "जड होऊन राहिली का?"

"तीन पाकिटं. ओल शिरली असेल."

"फक्त वांग्याची काऊन?"

दहा दिवसांनी पुन्हा बघू, असे मी म्हणालो. दहा दिवसांनी आकडे होते एकशे सत्तावीस, एकशे अठ्ठावीस आणि एकशे एकोणीस. बाकीची आठ जिथल्या तिथे.

त्यानंतर मित्राने सोनाराकडे असतो तसा लहान वजनकाटा विकत घेतला आणि पाकिटे माझ्याकडे आणणे बंद केले.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या मुलीचा फोन आला. ती एकवीस वर्षांची आहे, एकुलती. तिला नागपूरला एका प्रयोगशाळेत नोकरी लागली होती आणि सोमवारी हजर व्हायचे होते. तारीख एकदा पुढे ढकलून झाली होती, दुसऱ्यांदा ढकलता येणार नव्हती.

"काका, बाबा दुकान उघडून नाई राहिले," ती म्हणाली. "सकाळी उठले की वजन करतात. मंग तिथंच बसतात. पाकिटं आईच्या जागेवर ठेवली आहेत, पलंगावर, तिच्या बाजूनं. त्यावर चादर टाकतात."

"काही बोलतात का?"

"आकडे बोलतात. मी दाराबाहेरून ऐकते. आकडा म्हणतात आन थांबतात, जसं कोनी तिकडून उत्तर देऊन राहिलं." ती पुढे म्हणाली, "काल मले म्हणाले, दीडशे झाले की खाईन. मले सांगा, ते खाल्लं त काय होईल?"

वर्षभर ओल ओढलेले शिजवलेले अन्न खाल्ले तर काय होऊ शकते, ते मी तिला न लपवता सांगितले. ती म्हणाली, "मंग मी सोमवारी कशी जाऊ? तुमीच सांगा."

शनिवारी सकाळच्या गाडीने मी आमगावला गेलो. सोबत माझा काटा, नवी बॅटरी आणि शंभर ग्रॅमचे पितळी वजन घेतले. आठवडाभर आभाळ उतरलेले होते आणि स्टेशनापासून घरापर्यंतच्या रस्त्यावर भिंतींना हात लावला तर हात ओला होत होता. अशा हवेत फुटक्या पाकिटांचे काय होणार, ते मला माहीत होते.

घरात दिवसाही दिवा लावलेला होता. मित्राची दाढी वाढली होती, पण कपडे स्वच्छ होते. त्याने मला चहा दिला आणि विचारण्याची वाट न बघता वहीतले एक पान वाचून दाखवले. तीन रांगा, रोजची तारीख. पहिल्या दोन रांगा रोज थोड्या वाढत होत्या. तिसरी एकशे एकोणीसवर थांबलेली होती.

"ही थांबली," तो म्हणाला. "बाकी दोन येऊन राहिल्या."

त्याने 'वाढून' नाही, 'येऊन राहिल्या' म्हटले, तेव्हा मुलीने माझ्याकडे बघितले.

मी म्हणालो, "पाकीट फुटलं आहे का ते बघायचं आहे. पंक्चर बघतात तसं. घमेल्यात पाणी घे."

"पाण्यात टाकली त खराब होतील."

"फुटली असतील तर खराब झालेलीच आहेत."

मग मुलगी उठली, बाहेरून घमेले आणले आणि पाणी भरले. तिने वडिलांना विचारले नाही. पलंगावरची चादर मात्र त्याने स्वतःच्या हाताने काढली. आठ पाकिटे उशीकडे रांगेत होती, तीन वेगळी, मधोमध. गादी तिथे किंचित दबलेली होती. अकरा पाकिटांचे एकत्र वजन दीड किलोच्या आत भरते. गादी इतक्याने दबत नाही. हे मी तेव्हा पाहिले आणि कोणाला सांगितले नाही.

काटा आधी पितळी वजनाने तपासला. शंभर. मग पाकिटे. एकशे तेहतीस, एकशे एकतीस, एकशे एकोणीस.

पहिले पाकीट मी पाण्याखाली धरून हलके दाबले. खालच्या कोपऱ्यातून बुडबुड्यांची एक सरळ रेघ वर आली. बुडबुडे फुटले तसा वास आला. जिरे, सुके खोबरे, तेल, आणि त्यामागे कुबट काहीतरी. मित्र घमेल्यावर इतका वाकला की त्याचे कपाळ जवळजवळ पाण्याला टेकले.

"ही तिच्या हातची हवा होय," तो म्हणाला. "बंद करताना आत राहिली होती."

हे खरे नव्हते. जिथून ओल आत जाते, तिथून हवाही जाते-येते. आतली हवा या घरातलीच होती, याच आठवड्यातली. मी त्याला तसे सांगितले. त्याने ऐकले नाही.

दुसऱ्या पाकिटातून दोन ठिकाणी बुडबुडे आले. मी दोन्ही पाकिटे कात्रीने कापली. आतल्या वांग्यांचा गोळा झाला होता. रिकामे पाकीट दिव्यासमोर धरले, तेव्हा कोपऱ्यात सुईच्या टोकाएवढा उजेड दिसला. दुसऱ्या पाकिटात तसाच, आणि त्या भोकात अजून काटा अडकलेला होता. वांग्याच्या देठाचा काटा. यंत्रात वाळून तो कडक झाला होता आणि पाकीट हाताळताना आतून बाहेर आला होता. कारखान्यातल्या कोणी ही चूक केली नसती, कारण तिथे कोणी देठासकट वांगी वाळवत नाही. तिने केली, कारण घरी ती तशीच करायची.

मी काटा कागदावर ठेवून मित्रासमोर सरकवला. त्याने तो बोटाने उलटून बघितला.

"म्हंजे माह्याच मुळं," तो म्हणाला.

"पाकीट फुटण्याचं कारण एवढंच आहे."

"देठ मीच मांगत होतो."

मुलगी म्हणाली, "बाबा, तिलेही आवडत होता करायले."

मग तिसरे पाकीट. मी ते पाण्याखाली धरले आणि दाबले. काही आले नाही. उलटे केले, चारही कोपरे दाबले, मधोमध दाबले. पाणी स्थिर होते. मुलीने वाकून बघितले. मित्राने बघितले. दोन-तीन मिनिटे आम्ही तिघे स्थिर पाण्याकडे बघत होतो. मग मी पाकीट बाहेर काढून कोरडे पुसले आणि पुन्हा तोलले. एकशे एकोणीस. पितळी वजन ठेवले. शंभर. बॅटरी बदलली, काटा टेबलावरून उचलून फरशीवर ठेवला. एकशे एकोणीस.

"आता बोल, पत्रकार," मित्र म्हणाला. आवाजात टोमणा नव्हता. त्याला खरोखर उत्तर हवे होते.

"लिहिताना चूक झाली असेल."

"ती चुकत नव्हती. तूच सांगत होता."

मीच सांगत होतो. शिवाय जूनमध्ये हेच पाकीट एकशे सोळा भरले होते, माझ्याच काट्यावर. भोक नसलेल्या पाकिटात तीन ग्रॅम कुठून आले, आणि त्याआधीचे चार कुठून, ते मला सांगता येईना. डेस्कवर नियम होता की ज्या बातमीचा खुलासा होत नाही ती छापायला सोडायची नाही. मी म्हणालो, हे पाकीट चालीला येणार नाही.

"नको येऊ. हे मी घरी ठेवतो."

"ठेवून काय कराल?" मुलीने विचारले.

त्याने वही पुढे ओढली.

"बाबा, ठेवून काय कराल? मी सोमवारी गेली की तुमी दोघं घरात, तुमी आन हे पाकीट. रोज वजन कराल. मंग एक दिवस खाल. मले फोन कोन करीन, शेजारचे?" तिचा आवाज चढला नाही. "आई गेली तवा मी झोपली होती. आता मले परत तसं नाई पायजे. तुमी हे ठेवलं त मी जात नाई. नोकरी गेली त गेली."

ती हे धमकी म्हणून बोलत नव्हती. सोमवारचे तिकीट तिने काढलेच नव्हते, हे मला नंतर कळले.

मित्राने पाकीट दोन्ही हातांत घेतले. हलके काहीतरी धरताना माणूस बोटे सैल ठेवतो. त्याने तसे धरले नव्हते. मनगटे ताणलेली होती. मग त्याने ते मुलीपुढे केले. "तूच काप," तो म्हणाला.

तिने वरची कड कापली. ओल्या हवेत असे पाकीट उघडले की वास एकदम येतो. या वेळी काहीच वास आला नाही. आतली चार वांगी कोरडी होती, एकमेकांना चिकटलेली नव्हती, रंग काल वाळवल्यासारखा. मी वांगी एका वाटीत काढून वाटीचे वजन वजा केले. एकशे एक. पुडी दोन. रिकामे पाकीट नऊ. बेरीज एकशे बारा.

मी तिन्ही वस्तू पुन्हा तोलल्या. मग तिसऱ्यांदा. एकशे बारा, तिने लिहिले होते तेवढेच. तीन मिनिटांपूर्वी बंद असताना भरलेले सात ग्रॅम त्या खोलीत कशातच नव्हते. मुलगी दाराकडे बघत होती. दार लावलेले होते. मागच्या अंगणातल्या कोंबड्या सकाळपासून आवाज करत होत्या, त्या गप्प झाल्या होत्या. किती वेळापासून, ते मला सांगता येणार नाही. मी लक्ष दिले नव्हते.

"किती?" मित्राने विचारले.

"एकशे बारा."

"म्हंजे गेली?"

मी पुन्हा तोच आकडा सांगितला.

तो उठला, वहीतले पान फाडले नाही, फक्त वही मिटली आणि कपाटावर टाकली. मग त्याने विचारले, हे खाता येते का. मी एका वांग्याची कड मोडून बघितली. आतपर्यंत कोरडी, कुरकुरीत. भोक नाही, वजन बरोबर. नियमाप्रमाणे खाता येत होती. मी तसे सांगितले. मुलीने माझा चेहरा नीट बघून घेतला आणि गॅसवर पाणी ठेवले.

उकळते पाणी वाटीत ओतून वर ताट झाकले. चुरचुर सुरू झाली. मी ती शेकडो वेळा ऐकली आहे. या वेळी ती नेहमीपेक्षा लवकर थांबली.

ताट काढले तेव्हा वांगी फुगून, मसाला सुटून, देठ वर करून बसली होती. वाफ सरळ वर जात होती. मुलीने शिळा भात आणला. मी एक घास घेतला, तिने एक. उरलेले त्याने खाल्ले, शांतपणे, चारही देठ काट्यांच्या बाजूने दातांत धरून चोखत. शेवटचा देठ ताटाच्या कडेला ठेवून तो म्हणाला, "मीठ कमी हाय."

हे तो आमच्यापैकी कोणाला म्हणाला नव्हता. त्याची मान स्वयंपाकघराच्या आतल्या बाजूला वळलेली होती, ओट्याकडे. तिथे कोणी नव्हते. तो उत्तरासाठी थांबतात तितका वेळ थांबला. आम्ही दोघांनी तिकडे बघितले नाही.

मग तो पुन्हा ताटाकडे वळला, हात धुतले आणि मुलीला म्हणाला, "तिकीट काढलं का सोमवारचं? सकाळच्या गाडीनं जाय. मी स्टेशनवर येतो, मंग तिकडूनच दुकानात जाईन."